मिर्झा गालिब : पत्राला बोलतं करणारा माणूस

दरवर्षी २७ डिसेंबर आणि १५ फेब्रुवारी आली की मोबाइलवर मिर्झा गालिब यांच्या नावाने शेरांचा पाऊस पडतो. एक जन्माची तारीख, दुसरी इंतकालची. त्यातले कित्येक शेर मिर्झांचे नसतातच, पण खाली नाव त्यांचे टाकले की लोक वाहवा करून पुढे पाठवतात. असो. आज आम्हाला त्यांच्या शायरीबद्दल लिहायचे नाही. दीवान-ए-गालिब कळायला फारसी लागते, तसव्वुफची थोडी ओळख लागते आणि हाताशी लुगत, म्हणजे शब्दकोश, ठेवावाच लागतो. पण याच माणसाने आयुष्याच्या शेवटच्या वीस वर्षांत जी उर्दू पत्रे लिहिली, ती सातवी-आठवीतल्या मुलालाही फारसे न अडता वाचता येतात. उर्दू शिकवताना आम्ही मुलांना नेहमी सांगतो, शेर पाठ करा, पण मिर्झांना भेटायचं असेल तर त्यांचे खत वाचा.

थोडी ओळख करून देऊ. मिर्झा असदुल्लाह खाँ यांचा जन्म १७९७ सालचा, आग्र्याचा. वडील लढाईत मारले गेले तेव्हा वय जेमतेम पाच. पुढे काकांनी सांभाळले, तेही १८०६ मध्ये गेले. तेराव्या वर्षी लोहारूच्या नवाब घराण्यातल्या उमराव बेगम यांच्याशी निकाह झाला आणि थोड्याच काळात दिल्ली हेच गाव झाले. काकांच्या नावे इंग्रजांकडून मिळणाऱ्या पेन्शनीतला वाटा वर्षाला साडेसातशे रुपये, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट. राहणी मात्र नवाबी. कर्ज आयुष्यभर पाठीला चिकटले ते कधी सुटलेच नाही. मिर्झा शराब पीत, रोजे धरत नसत, जुगारापायी १८४७ मध्ये तुरुंगातही गेले. त्या वेळी भल्याभल्या दोस्तांनी पाठ फिरवली, नवाब मुस्तफा खाँ शेफ्ता मात्र शेवटपर्यंत पाठीशी उभे राहिले. या गोष्टी झाकून ठेवण्यात काही हशील नाही. मिर्झांनी स्वतःच त्या कधी झाकल्या नाहीत.

आता पत्रांकडे वळू. त्या काळी खत लिहिणे म्हणजे एक सोहळाच. आधी अलकाब, मग आदाब, म्हणजे समोरच्याचा दर्जा पाहून बिरुदे लावायची, मग सलाम, मग आपली खुशाली कळवून त्याची खुशाली चाहायची, आणि हे सगळे झाले की शेवटच्या दोन ओळींत कामाची गोष्ट. तीही फारसीत. मराठी वाचकांना हे नवे नाही. श्रियाविराजित राजमान्य राजेश्रीपासून सुरू होणारी जुनी मोडी पत्रे याच थाटाची. मायना हा शब्दसुद्धा अरबीतूनच मराठीत आला. या सगळ्यात अदब होती, वळण होते, हे खरे. पण माणूस कुठे होता? मायना वाचून पत्र कोणत्या दर्जाच्या माणसाला आहे ते कळे, तो माणूस कसा आहे ते कळत नसे.

मिर्झा स्वतःही पन्नाशी गाठेपर्यंत असेच लिहीत. त्यांची फारसी पत्रे भरजरी शेरवानीसारखी आहेत, बघायला सुंदर, घालून वावरायला अवघड. १८५० मध्ये बादशहा बहादूरशाह जफर यांनी त्यांना तैमूरी घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम दिले, पगार महिना पन्नास रुपये. हाली सांगतात की या कामात डोके इतके शिणू लागले की पत्रांसाठी फारसीची कारागिरी करायला ताकदच उरेना, म्हणून मिर्झा उर्दूत लिहू लागले. हाली म्हणजे मिर्झांचे शागिर्द अल्ताफ हुसेन हाली, ज्यांनी पुढे १८९७ मध्ये ‘यादगार-ए-गालिब’ हे त्यांचे चरित्र लिहिले. थकव्यामुळे का होईना, मिर्झांच्या हातून उर्दू गद्याचे केवढे मोठे काम झाले बघा.

अलकाब-आदाब त्यांनी सरळ उचलून बाजूला ठेवले. पत्र सुरू व्हायचे ते मियाँ, भाई, साहब, मेरी जान असल्या एखाद्या हाकेने. कधी तीही नाही, एकदम सवालच. पानिपतला राहणाऱ्या मीर मेहदी मजरूह या लाडक्या शागिर्दाला लिहिलेल्या एका पत्राची सुरुवात तर अशी की मिर्झा त्याला लिहीतच नाहीत. मीरन साहब म्हणून दुसऱ्याच दोस्ताशी सवाल-जवाब चालू आहेत, सलाम होतो, सलामाचा जवाब येतो, मग आज मीर मेहदीच्या खताला उत्तर लिहायची इजाजत आहे का अशी विचारणा होते. वाचणाऱ्याला वाटते आपण दाराआडून दोघांचं बोलणं ऐकतोय. मिर्झांना स्वतःच्या या करामतीची पूर्ण जाणीव होती. पत्रव्यवहाराला आपण गप्पागोष्टी करून टाकले आहे, हे त्यांनी अभिमानाने लिहून ठेवले आहे.

यात टपालाचाही हात होता. १८५४ मध्ये देशभर एकच दर झाला. अर्ध्या आण्याचे तिकीट लावले की हलके पत्र दिल्लीहून कुठेही जाई. पूर्वी पत्र जायचे ते कासिदाच्या हाती किंवा अंतराप्रमाणे पैसे मोजून, म्हणून त्यात सहज गप्पा मारणे परवडणारे नव्हते. आता रोज लिहिता येऊ लागले. मिर्झा टपालाची वाट बघणारा माणूस. पाकिटावर कुणी मोहल्ल्याचा, गल्लीचा पत्ता सविस्तर लिहिला की त्यांना राग येई. आपले नाव आणि दिल्ली एवढे पुरे, असे त्यांचे म्हणणे.

मग १८५७ आले. ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतले. त्यानंतर दिल्लीत काय झाले ते इतिहासाच्या पुस्तकात दोन परिच्छेदांत संपते, मिर्झांच्या पत्रांत ते वर्षानुवर्षे चालू राहते. शहर रिकामे केले गेले. हिंदूंना लवकर परत येऊ दिले, मुसलमानांना बराच काळ बंदी राहिली. मिर्झा बचावले कारण बल्लीमारानमधल्या त्यांच्या गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या पदरी असलेल्या हकिमांचे घर होते आणि महाराजांनी तिथे आपले पहारेकरी बसवले होते. घर वाचले, बाकी फार थोडे वाचले. धाकटा भाऊ यूसुफ, कित्येक वर्षे मनाने आजारी, ऑक्टोबरमध्ये गेला. कफनाला कापड मिळेना, गुस्ल द्यायला माणूस मिळेना, कब्र खोदायला मजूर नाही. शेजाऱ्यांनी घरातल्या चादरींत गुंडाळून जवळच्या मशिदीच्या आवारात दफन केले.

याच दिवसांत गोऱ्या शिपायांनी मिर्झांना पकडून कर्नल बर्न यांच्यापुढे उभे केले. मुसलमान आहेस का, या सवालावर मिर्झांनी अर्धा आहे असे उत्तर दिले, आणि अर्धा कसा तर शराब पितो पण डुकराचे मांस खात नाही, असा खुलासा केला. कर्नल हसला आणि त्यांना घरी जाऊ दिले. हा किस्सा लोक मजेने सांगतात. आम्हाला त्यात मजा कमी आणि काळजाचा ठोका जास्त दिसतो. साठीला टेकलेला माणूस, बाहेर लोकांना फाशी दिली जातेय, आणि जवळ तलवार नाही, पैसा नाही, वशिला नाही. होते ते चार शब्द. ते चुकले असते तर?

त्या हिवाळ्यात मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेल्या पत्रात मिर्झा शहराची हालत थोडक्यात कळवतात आणि तपशील लिहायला भीती वाटते असे स्पष्ट सांगून थांबतात. पत्रे उघडली जाण्याचा तो काळ. शब्द कुठे वापरायचा याइतकेच तो कुठे गिळायचा हेही त्यांना कळत होते. तफ्ता सिकंदराबादचे कायस्थ, मिर्झांचे शागिर्द, मिर्झा प्रेमाने त्यांना मिर्झा तफ्ता म्हणत. अडचणीच्या दिवसांत तफ्ता यांनी मेरठहून पैसे पाठवले. मिर्झांवर जीव टाकणाऱ्यांत असे हिंदू दोस्त किती होते हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज दोन्हीकडच्या ज्यांना ते ऐकायचं नाही, त्यांनी मुद्दाम वाचावं.

त्याच तफ्ता यांचे पत्र एकदा बरेच दिवस आले नाही. १८५८ च्या डिसेंबरात मिर्झांनी त्यांना जे लिहिले ते एखाद्या रुसलेल्या मुलाची समजूत काढावी तसे आहे. रुसूनच बसणार की कधी मानणार, मानणार नसाल तर निदान रुसण्याचे कारण तरी लिहा, असा लाडिक जाब. मग सांगतात की या एकटेपणात आपण पत्रांच्या भरवशावर जगतो, ज्याचे पत्र आले तो माणूसच आला असे समजतो. आणि शेवटी टोमणा, की अर्ध्या आण्याची कंजुषी होत असेल तर बैरंग पाठवा. बैरंग म्हणजे तिकिटाविना, पैसे घेणाऱ्याने भरायचे. स्वतः कर्जात बुडालेला माणूस दुसऱ्याच्या दोन ओळींसाठी पैसे भरायला तयार आहे! दोस्त मेले, परागंदा झाले, काही फासावर गेले. दिवाणखाना ओस पडला. तो दिवाणखाना मिर्झांनी टपालाने परत भरवला.

आणखी एक पत्र आम्हाला सगळ्यात मोठे वाटते. यूसुफ मिर्झा नावाच्या तरुण आप्ताचे वालिद इंग्रजांच्या कैदेत वारले. मिर्झांना तअजियत, म्हणजे सांत्वनाचे पत्र लिहायचे होते. ते लिहितात की तुझा बाप गेला हे मी तुला कसे लिहू, आणि लिहिले तर पुढे काय लिहू? सबर कर? ही तर जगाची घासून गुळगुळीत झालेली रीत. ज्याचे काळीज कापले गेले त्याला लोक तळमळू नकोस सांगतात, तो कसा तळमळणार नाही? पुढे विचारतात, सुटकेचा हुकूम झाला होता म्हणतात ते खरे का? खरे असेल तर तो मर्द एकाच वेळी दोन्ही कैदांतून सुटला, आयुष्याच्या आणि फिरंग्यांच्या.

सबर हा आपल्या दीनमधला फार मोठा शब्द, त्याचा दर्जा मिर्झांना ठाऊक नव्हता असे नाही. त्यांनी स्वतः सात मुले बाळपणीच मातीत दिली. बेगमच्या भाच्याला, जैनुल आबिदीन खाँ आरिफ यांना मुलासारखे मानले, तेही १८५२ मध्ये ऐन तारुण्यात गेले आणि त्यांची दोन लहान मुले मिर्झांनी घरी आणली. अशा माणसाला ठाऊक होते की खरा शब्दही नुसता रीत म्हणून तोंडावर फेकला की दुखावलेल्याला अधिकच एकटे करतो. आज मय्यतीची बातमी ग्रुपवर पडते आणि पाच मिनिटांत एकच वाक्य चाळीस वेळा चिकटवलेले दिसते. दुआ दुआच आहे, ती करावीच. पण त्या चाळिसांतल्या किती जणांनी त्या घरी फोन करून जेवलात का एवढं विचारलेलं असतं?

मिर्झांचा शब्द नेहमीच इतका निर्मळ होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १८५७ च्या काळात त्यांनी ‘दस्तंबू’ नावाची फारसी रोजनिशी लिहिली आणि १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये आग्र्याला छापून घेतली. त्यात बंडवाल्यांना दूषणे आहेत आणि राणी व्हिक्टोरियाची तारीफ आहे. पेन्शन बंद पडली होती, किल्ल्याशी संबंध असल्याचा संशय डोक्यावर होता, ही किताब इंग्रज अधिकाऱ्यांना नजर करायची होती. पोटासाठी आणि जिवासाठी वापरलेले शब्द ते. पण गंमत बघा, एवढ्या धास्तीतही या किताबीत एकही अरबी शब्द येऊ द्यायचा नाही, शुद्ध जुनी फारसी लिहायची, हा हट्ट. छपाई चालू असताना एक अरबी शब्द राहून गेल्याचे लक्षात आले तर लगेच पत्र पाठवून तो खोडायला लावला. हाकिमांची खुशामत चालली, परका शब्द चालला नाही! पेन्शन १८६० मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याआधी १८५९ पासून रामपूरच्या नवाबांकडून दरमहा शंभर रुपये येऊ लागले होते, घर त्यावर चालले.

शब्दांवरून भांडणेही त्यांनी भरपूर ओढवून घेतली. १८२८ मध्ये पेन्शनीच्या दाव्यासाठी कलकत्त्याला गेले असता मुशायऱ्यात कुणी त्यांच्या फारसीवर आक्षेप घेतला आणि कतील या हिंदुस्थानी फारसी शायराचा दाखला दिला. मिर्झांनी कतीलला फरीदाबादचा खत्री म्हणून उडवून लावले. सारे शहर उठले. ज्या गावात दहा लोकांची मदत हवी त्याच गावात शंभर दुश्मन झाले, शेवटी सलोख्यासाठी एक मसनवी लिहावी लागली. दावा तर पुढे फेटाळलाच गेला.

म्हातारपणीही तेच. १८५७ च्या बंदिस्त दिवसांत हाताशी ‘बुरहान-ए-काते’ हा प्रसिद्ध फारसी शब्दकोश होता. हा कोश आपल्या दख्खनचा, सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या अब्दुल्लाह कुतुबशाहच्या काळात तयार झालेला. मिर्झा त्यातल्या चुका काढत बसले आणि १८६२ मध्ये ‘काते-ए-बुरहान’ छापले. नावातच कोटी होती, आणि भाषा बोचरी. उत्तरादाखल किताबांवर किताबी आल्या. मौलवी अमीनुद्दीन यांच्या किताबीत इतकी घाण भाषा होती की मिर्झांनी १८६७ च्या अखेरीस अब्रुनुकसानीचा दावा लावला. कोर्टात सवाल आला की या शब्दांचा अर्थ काय. शहरातल्या काही विद्वानांनी साक्षीत त्या शिव्यांचे असे साळसूद अर्थ लावून दाखवले की शिवी ही शिवी राहिलीच नाही. मिर्झांनी राजीनामा, म्हणजे समझोता, लिहून दिला आणि दावा काढून घेतला. ज्याला अख्खा हिंदुस्थान शब्दांचा उस्ताद मानत होता तो शब्दाच्या अर्थावरच हरला. आम्हाला वाटते, पहिला घाव त्यांनी घातला नसता तर बरे झाले असते, पण कोर्टात जे झाले ती इल्मची बेइज्जती होती.

या वादात निनावी शिव्यांची पत्रेही येत. हाली सांगतात, एकदा मिर्झा जेवायला बसले होते, एक पाकीट आले. हालींनी उघडले आणि मजकूर पाहून गप्प झाले. मिर्झांनी ते हातातून घेऊन वाचले. आईवरून शिवी होती. मिर्झा हसले आणि म्हणाले की या वेड्याला शिवी देण्याचीही अक्कल नाही, सत्तरीच्या म्हाताऱ्याला का कुणी आईवरून शिवी देतं! जेवण पुढे चालू राहिले. ज्या जखमेसाठी माणूस कोर्टात गेला, त्याच जखमेवर घरात हसून घेतले.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. बेगमबद्दल मिर्झांनी जे लिहिले ते बहुतेक थट्टेचे. लग्न म्हणजे पायातली बेडी, दिल्ली म्हणजे कैदखाना, असल्या कोट्या पुरुषमंडळी अजून चवीने सांगतात. उमराव बेगम नमाजी, परहेजगार बाई. नवऱ्याच्या शराबीमुळे आपली भांडी वेगळी ठेवत, पण घर सोडले नाही. सात मुलांचे दुःख त्यांचेही तेवढेच होते. त्यांचे म्हणणे कुठल्या पत्रात आले नाही, कारण पत्रे मिर्झांची आहेत.

मजरूह यांना लिहिलेल्या पत्रांतून उजाड दिल्ली दिसत राहते. जामा मशिदीपासून राजघाटापर्यंत सगळे पाडून मैदान केलेले, विहिरी सुकलेल्या नाहीतर खारट झालेल्या. मजरूह यांनी एकदा दिल्लीच्या जबानीची तारीफ लिहिली तर मिर्झा चिडले. अरे, जिथे उर्दू बाजारच उरला नाही तिथे उर्दू कसली, हे शहर आता शहर नाही, छावणी आहे, असा त्यांचा सूर. लोक गेले की जबान कुठे राहते?

ही पत्रे छापावी अशी दोस्तांनी १८५८ मध्येच गळ घातली होती. मिर्झा नको म्हणाले, आपण ती हात आखडून, विचार करून लिहिलेली नाहीत, छापली तर शायरीच्या नावाला बट्टा लागेल, अशी त्यांना शंका. जे सहज लिहिले त्यावरच आपले नाव टिकेल हे त्यांच्या ध्यानात यायला काही वर्षे लागली. ‘ऊद-ए-हिंदी’ हा पहिला संग्रह १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये मेरठहून आला. तोवर मिर्झांना ऐकू येईनासे झाले होते, भेटायला येणारे कागदावर लिहून बोलत. हात चालेना तेव्हा ते दुसऱ्याकडून जवाब लिहवून घेत, पण जवाब चुकवत नसत.

१८६९ च्या फेब्रुवारीत लोहारूच्या नवाब घराण्यातले अलाउद्दीन अहमद खाँ यांचे तब्येतीची विचारपूस करणारे पत्र आले. शुद्ध अधूनमधून हरपत होती. जरा सावध झाल्यावर मिर्झांनी उत्तर सांगितले. माझी हालत मला काय विचारता, एक-दोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचारा, अशा अर्थाचे. दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला दुपारी त्यांचा इंतकाल झाला. बस्ती निजामुद्दीनमध्ये दफन झाले. पत्रांचा दुसरा संग्रह ‘उर्दू-ए-मुअल्ला’ तेव्हा दिल्लीच्या छापखान्यातच होता, तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाहेर पडला.